पेडलला बांधलेला दोरा

“हिला सायकल कशाला म्हणायचं? सायकल माणसाला कुठेतरी नेते तरी,” टेलरबाई म्हणाली आणि ओल्या कपड्यांची बादली दाणकन खाली ठेवली.

नवरा खुर्चीत बसून बाटलीतून पाणी पीत होता. व्यायामाची सायकल खोलीच्या मधोमध उभी होती आणि तिच्यामुळे कपाटाचं एक दार पुरतं उघडत नव्हतं. बाई एकेक कपडा पिळून सायकलच्या दांडीवर वाळत घालू लागली. तेवढ्यापुरती ती कामाची होती.

तिचा संताप साधा नव्हता. हॉटेलच्या पडद्यांचं काम तिने एकटीने उपसलं होतं. जाड हिरवं कापड, बोटांना सुया टोचून टोचून भोकं पडलेली. त्या दिवसांत शिलाई मशीनवरचं हिरवं रीळ उतरलंच नाही. उशांचे अभ्रे, नवऱ्याच्या पँट, पिशव्या, घरातलं जे काही शिवायचं ते हिरव्या दोऱ्यानेच. आतून कोण बघतंय? पडदे पोचवले तेव्हा हॉटेलवाल्याने उरलेली रिळंसुद्धा परत मागून घेतली, इतका चिक्कू माणूस.

त्या पैशातून दुकानातलं कुरकुरणारं मशीन बदलायचं ठरलं होतं. पैसे घरात आले आणि त्याच आठवड्यात नवरा ऑफिसातून अर्धी रजा टाकून कुठेसा गेला, तो येताना ही सायकल मागवूनच आला. वजन कमी करायचंय, एवढंच म्हणाला. बायकोला एका शब्दाने विचारलं नव्हतं. जुनं मशीन अजून कुरकुरत होतं आणि प्रत्येक टाक्याला तिचं डोकं तापत होतं.

त्यात याची सोंगं. हातात सदानकदा पाण्याची बाटली. ताटात अर्धं अन्न तसंच, विचारलं तर डाएट. ऑफिसातून आला की दमलो म्हणून आडवा. आणि सगळ्यात जिव्हारी लागायचं ते हे की तो खरंच बारीक होत होता. अधूनमधून पँट पुढे करायचा, “कमरेत जरा आत घे.” गिऱ्हाइकांची जुनी शिवण ती नीट उसवायची, खडूने खूण करायची, मग नवी घालायची. घरच्यांना कसलं आलंय माप? दोन बोटांनी चिमटा धरायचा आणि जुन्या शिवणीच्या आतल्या बाजूला, मशीनवर असेल त्या दोऱ्याने टीप मारून मोकळं व्हायचं.

शेजारीपाजारी सायकलीचे गोडवे गात होते. भाऊजींना काय गुण आलाय! दोन-तीन घरांत तसलीच सायकल आली. बाई दुकानात बसून हे ऐकायची आणि दातओठ खायची, कारण एक गोष्ट तिला एकटीलाच माहीत होती. तू सकाळी दुकान उघडायला गेलीस की मी चालवतो, असं तो सांगायचा. पण त्याचे कपडे ती धुवायची. बनियनला घामाचा वास म्हणून नव्हता. शेवटी तिने पेडल आणि सांगाड्यात कच्चा दोरा बांधून ठेवला. आठवड्यामागून आठवडे गेले, दोरा जागचा हलला नाही. ती फक्त संधीची वाट पाहत होती.

त्या रविवारी, कपडे वाळत घालून होतात तोच, संधी चालून आली. वरच्या मजल्यावरची नर्स सायकल बघायला म्हणून खाली उतरली. जिमला जायला वेळ नाही, पण एवढा पैसा घालण्यासारखी आहे का, हे तिला घेण्याआधी विचारायचं होतं.

“नवी कशाला घेता? हीच न्या,” बाई म्हणाली.

“नको,” नवरा चटकन म्हणाला. “ती इथेच राहू दे.”

मग बाईचा तोल सुटला. तिने नर्सचा हात धरून तिला पेडलपाशी वाकायला लावलं. “हा दोरा मी बांधलाय. एकदा जरी पाय लागला असता तर तुटला असता. माझ्या घामाचा पैसा घातला यांनी, आणि वर रोज तोंडावर खोटं बोलतात. आता यांनीच सांगावं चारचौघांत कसले गुण आले ते.”

नवऱ्याने मान खाली घातली. “चुकलं माझं. बास कर आता.”

नर्सने दोऱ्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत होती. कॉलर गळ्याभोवती सैल उभी होती.

“भाऊजी, चालवली नाही,” ती हळूच म्हणाली, “मग वजन कशाने उतरलं?”

“खाणं कमी केलंय,” तो म्हणाला. उत्तर नर्सला होतं, पण बघत होता तो बायकोकडे.

बाईचा राग अजून उतरला नव्हता. आत्ताच्या आत्ता न्या, म्हणत तिने दांडीवरचे कपडे ओढायला सुरुवात केली. त्याची पँट उलटी करून वाळत घातलेली होती. कमरेच्या शिवणी एकीशेजारी एक दिसत होत्या. आतली काळी, मग पांढरी, मग तपकिरी. तिचा अंगठा एकेका शिवणीवरून सरकत कडेपर्यंत गेला आणि थांबला.

कमर पहिल्यांदा आत घेतलेली, मूळ शिवणीलगतची टीप हिरव्या दोऱ्याची होती, सायकल यायच्या आधीची.