आतली कडी

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका बंद दारासमोर उभे आहात आणि तुमच्या मागे मोठी माणसं सगळी मिळून ओरडताहेत. सात वर्षांच्या भिंगरीचं अगदी तसंच झालं होतं. दाराच्या आत होता तिचा मामा. वय वर्षं पन्नास.

मामाला गोष्टी समजायला जरा वेळ लागतो. म्हणून अकरा वर्षांचा असताना त्याला एका मोठ्या इस्पितळात ठेवलं, आणि ठेवलं ते ठेवलंच. आता ते इस्पितळ बंद होत होतं. तिथली माणसं दोघं-तिघं मिळून वस्तीतल्या साध्या घरांत राहायला जात होती. मामाही कालच दोन जुन्या सोबत्यांबरोबर या घरात आला होता. आज इस्पितळाच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या होत्या. मामाला इथे जमेल असं त्यांना वाटलं, तर तो राहणार. नाही वाटलं, तर दारातल्या गाडीत बसून दुसऱ्या, आणखी लांबच्या इस्पितळात.

आणि नेमका आजच मामा सकाळपासून खोलीला कडी लावून बसला होता.

"दादा, उघड ना रे!" भिंगरीची आई रडकुंडीला आली. "बाई कधीच्या उभ्या आहेत!"

खट्. कडी निघाली. बाईंनी झेप घेतली. खट्. कडी लागली, आणि बाईंचं कपाळ दारावर आपटलं.

"तिकडे हा असं कधीच करत नव्हता," बाई कपाळ चोळत म्हणाल्या. ते खरंच होतं. तिकडे सगळ्या कड्या दाराच्या बाहेरच्या बाजूला होत्या.

मग सुताराला बोलावलं. कडी त्यानेच बसवली होती.

"मोडायची?" सुतार दुखावला. "हत्ती आणा, हलायची नाही! एवढे लांब स्क्रू मारलेत." आणि एवढे म्हणजे केवढे, ते तो बोटांनी दाखवत बसला.

तेवढ्यात मामाचे दोन्ही सोबती बाहेर आले. दारापुढे माणसं दिसली म्हणजे रांग लावायची, ही त्यांची जुनी सवय. ते गुपचूप बाईंच्या मागे उभे राहिले. पहिला लांबू, मग टोपीवाला. सुतार मध्ये आला तर लांबूने त्याचा खांदा धरून त्याला शेवटी नेऊन उभं केलं.

या गोंधळात भिंगरी दाराशी वाकली. "मामा, मी आत येऊ का?"

"ये."

खट्. भिंगरी आत. खट्.

"घ्या! आता दोघं अडकले!" आई ओरडली. "भिंगरे, तू आहेस ना आत? काढ ती कडी! आत्ताच्या आत्ता!"

"पाच मिनिटं देते," बाईंचा आवाज आला. "मग मी काही ऐकणार नाही. हा येणार माझ्याबरोबर गाडीत."

भिंगरीने कडीला हात लावला. मामाने तिला अडवलं नाही. तो नुसता भिंतीला टेकला आणि म्हणाला, "काढायची तर काढ."

भिंगरीने हात खाली घेतला.

"बाई," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत."

"काय विचारायचं?"

"आत येऊ का म्हणून. मी विचारलं, तर मला घेतलं."

वीस वर्षं बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होत्या. हा प्रश्न त्यांच्या तोंडात कधी बसलाच नव्हता.

"मी... आत येऊ का?"

मामा विचार करू लागला. बराच वेळ.

"झोपले की काय?" रांगेच्या शेवटून सुतार कुजबुजला.

"नको," मामा म्हणाला.

आई मटकन खालीच बसली. बाईंनी पुन्हा एकदा कपाळ चोळलं.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "मग कधी येऊ?"

"मंगळवारी. चार वाजता."

बाईंनी डायरी काढून पानं चाळली. "चारला मीटिंग आहे हो माझी. पाचला चालेल का?"

"चालेल."

बाईंनी डायरीत लिहिलं आणि खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली, "गाडी काढ रे! मी एकटीच येतेय."

"एकटीच?" आई धडपडत उठली. "आणि दादा?"

"ते कसे येतील?" बाई म्हणाल्या. "मंगळवारी त्यांच्याकडे पाहुणे आहेत."

बाई गेल्या, तसा लांबू एक पाऊल पुढे सरकला.

आत भिंगरी मामाकडे बघत होती.

"मामा," तिने विचारलं, "मी अजून थोडा वेळ थांबू का?"

मामा विचार करू लागला. आणि जन्मात कधी एका जागी न टिकलेली भिंगरी हाताची घडी घालून, गप्प उभी राहून, त्याच्या उत्तराची वाट बघू लागली.