सासूबाईंची दुपारची झोप

सासूला गोष्टी वाचून दाखवण्यात सुनेचा फायदाच होता. तेवढा वेळ कुणी चहा मागत नसे. शिवाय 'अशी सून मिळायला नशीब लागतं' हे शेजारीपाजारी आपोआप पसरे, त्यासाठी वेगळे कष्ट नव्हते. पण खरी कमाई होती ती घोरण्यात. आत्ताही कागद हातात धरून ती वाचत होती, आणि एक कान खाटेकडे लावून होती.

आलंच. आधी एक शीळ, मग जड कपाट फरशीवरून ओढल्यासारखा आवाज. सुनेनं वाचन थांबवलं आणि त्या ओळीपाशी पेन्सिलीनं खूण केली.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती रडली होती. सासूबाईंची नजर अधू झाली, टीव्हीसुद्धा धूसर दिसायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तू काय खरडत असतेस ते वाच तरी." तिनं मोठ्या हौसेनं वाचायला घेतलं. नायिका खिडकीत उभी राहून आभाळाकडे बघत होती. ती पानभर बघत राहिली आणि सासूबाई घोरायला लागल्या. सून तणतणत स्वयंपाकघरात गेली. तिथे तिनं तेच पान पुन्हा वाचलं, तर तिची तिलाच जांभई आवरेना.

तेव्हापासून पद्धतच पडली. घोरणं सुरू झालं की तिथे खूण. खुणेच्या मागचं आभाळ कापायचं आणि पुढचं सगळं नव्यानं लिहायचं. एकदा झोप आणलेली गोष्ट पुन्हा ऐकवायची मात्र तिची छाती होत नसे. शिळं अन्न फोडणी देऊन त्याच पाहुण्याला कसं वाढायचं? पुढच्या वेळी नवी गोष्ट.

आपल्या गोष्टी वाईट असतील, असं मात्र तिला वाटत नसे. ज्या बाईनं स्वतःच्या जावयाला लग्नाच्या दिवशी, चारचौघांत, "कोट उसना आणलाय का हो?" असं विचारलं, तिनं गोष्ट आवडली नसती तर भीड ठेवली असती थोडीच! नुसती झोप येते, एवढंच. सासूबाई स्वतःच म्हणत, "तुझ्या गोष्टीनं डोळा छान लागतो गं. आज आहे का काही?"

नवरा हसायचा. "आईला झोपवायला एवढं लिहितेस? त्यापेक्षा पंखा लाव."

मासिकांकडून गोष्टी परत येत. कधी एका ओळीच्या नकारासकट, कधी तेवढ्याही सौजन्याशिवाय. दरवेळी ती ठरवायची, बास झालं. पण दुपार झाली की खाटेवरून विचारणा व्हायची, "आज आहे का काही?" साऱ्या जगात हा प्रश्न विचारणारं एवढं एकच माणूस होतं. ते झोपेसाठी का विचारत असेना! ती पुन्हा लिहायला बसे.

शेवटी सगळ्या गोष्टींचा गठ्ठा तिनं एका प्रकाशकाकडे पाठवला. हाही परत आला तर कागद रद्दीत आणि लिहायचं टेबल इस्त्रीला, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं. त्यानं इस्त्री कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं.

आज खूण करून ती पेन्सिल कानावर खोचतेय तोच फोन वाजला. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून ती दाराशी गेली.

"पुस्तक करतोय आम्ही," प्रकाशक म्हणाले. "एक विचारू? वाचणारा आता कंटाळणार, असं वाटतं तिथेच तुमची गोष्ट बरोब्बर वळते. आधी कुणाला दाखवता का?"

"दाखवत नाही, ऐकवते," ती कशीबशी म्हणाली. "घरातच आहेत एक जण."

फोन ठेवला तेव्हा खोलीत अगदी शांत होतं.

"छापतायत ना?" खाटेवरून आवाज आला.

"आई! तुम्ही जाग्या आहात?"

"मी दुपारची कधी झोपले होते गं? सगळा जन्म शिवणयंत्रावर गेला."

"मग इतकी वर्षं ते घोरणं? कंटाळा आला तर तसं सांगायचं ना सरळ!"

"माझी जीभ तुला ठाऊक आहे. ती चालली असती, तर तुझा हात थांबला असता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून नाक चालवलं."

सून हसायला लागली आणि हसता हसता खाटेच्या कडेवर बसली. सासूबाईंचा सुया टोचून खरबरीत झालेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"ते राहू दे," सासूबाई कोपरावर रेलून उठल्या. "आधी सांग, तो पोस्टमन त्या बाईकडे परत आला का? आणि त्या दोघी बहिणींनी घर विकलं की नाही? काय गं, नको तिथे घोरावं लागायचं, आणि पुढे काय झालं असेल म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही!"

सुनेनं कपाटातून गोष्टींची दुसरी प्रत काढली. पुस्तक तिचं होणार होतं, त्यावर नावही तिचंच येणार होतं. त्या पुस्तकातल्या एकाही गोष्टीचा शेवट सासूबाईंनी ऐकलेला नव्हता.