दुसऱ्या हातचे पोहे

पिवळी बशी. कडक इस्त्रीचा सदरा. कानामागे मसुराएवढं यंत्र.

त्या यंत्रामुळे अण्णांना सहा वर्षं हॉटेलातली डाळही दिवंगत पत्नीच्या हातचीच लागत होती. आज त्यांची मुलगी ऋजुता त्यांना घेऊन त्यांच्यासाठीच स्थळ बघायला कुमुदिनीताईंकडे आली होती. कुमुदिनीताईंनी पोहे पुढे केले.

"अण्णा, आता तरी काढा ते," ऋजुता कुजबुजली. "नाहीतर या बाई तुम्हाला कळणार कशा?"

अण्णांनी यंत्र काढून खिशात टाकलं, घास घेतला आणि थबकले.

"खारट आहेत."

ऋजुताने डोळेच मिटले.

"अगं बाई! राहू द्या मग," कुमुदिनीताई म्हणाल्या.

"छे, राहू काय द्या? अजून वाढा. किती वर्षांनी काहीतरी नवीन खातोय!"

पोहे करताना कुमुदिनीताई दोनदा आरशात बघून आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा परत येऊन त्यांनी मीठ घातलं होतं.