नखभर लाकूड

सरकारी खात्याचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी थोरल्याने उत्तर दिलं नव्हतं. स्थानिक संगीताचं वैविध्य जपण्यासाठी बावीस ठिकाणची मंडळी एका मंचावर आणायची, आणि पावा वाजवणाऱ्या या दोघा भावांना तहहयात मानधन द्यायचं, असं त्यात होतं. खाली बारीक अक्षरात अट होती : सगळ्यांना एकत्र वाजवता यावं म्हणून वाद्यं प्रमाण सुरात आणून घ्यावीत. ती वाचून थोरल्याने पत्र रंध्याखाली सारलं, ते सारलंच.

आज धाकटा सकाळीच सुतारशाळेत आला. "दादा, पावा काढ. वाजवून बघू."

हे दोन पावे वडिलांनी कातले तेव्हा धाकट्याचा मुद्दाम नखभर लांब ठेवला होता. एकदम फुंकले की सूर जवळ येत, पण मिळत नसत, आणि आवाज थरथरायचा. ऐकणाऱ्याच्या दातांपर्यंत जायचा. सगळी मजा त्या थरथरीत होती. नुसती चाल काय, कुणीही वाजवली असती.

दोघांनी फुंकर घातली. आवाज निघाला गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखा. थोरल्याने पावा ओठांवरून काढला.

"आण तुझा इकडे."

त्याने दोन्ही पावे फळीवर शेजारी उभे केले. माथे एका रेषेत आले. धाकट्याच्या पाव्याचं फुंकायचं तोंड ताज्या कापाने पांढरं दिसत होतं.

"कुणी कापला?"

"खात्याच्या कार्यशाळेत. फुकट करून देतात. साहेब म्हणाले, वाद्यंच बेसूर आहेत, त्यात तुमचा दोष नाही."

"आणि तू मान डोलावलीस, नंदीबैला."

"मग काय करू? तू पत्र दाबून बसलास. तुझी सुतारशाळा चालतेय. मी गोदामात पोती उचलतो. कंबर गेली माझी."

"कंबर गेली म्हणून बापाचा गळा कापलास?"

"नखभर लाकूड रे! नखभर! केवढा तमाशा!"

आरडाओरडा ऐकून थोरल्याची बायको आतून आली. "अहो, सुतार ना तुम्ही? दुसरा करून द्या भावोजींना आणि मिटवा."

"चाळीस वर्षं फुंकून ते लाकूड तयार झालंय. करतो दुसरा. चाळीस वर्षांनी ऐकायला ये."

"चाळीस वर्षं कोण येत होतं ऐकायला?" धाकटा म्हणाला. "शेवटचं कुणी बोलावलं होतं आपल्याला? सांग ना. आठवतंय?"

थोरल्याला आठवलं नाही. तो उगाच पटाशीची धार बघत राहिला.

"आज उत्तर टपालात टाकायची शेवटची तारीख आहे, दादा," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "तुझ्या होकाराशिवाय ते मलाही घेणार नाहीत."

थोरल्याने रंधा बाजूला केला. सुताराच्या चपट्या पेन्सिलीने एका कागदावर तीन-चार ओळी लिहिल्या, सही केली, पाकीट चिकटवलं आणि पायांत चपला सरकवल्या. धाकटा मागोमाग निघाला. दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत आले.

तिथे धाकट्याला राहवलं नाही. "काय लिहिलंस?"

"होकार."

धाकट्याने सुटकेचा निःश्वास सोडला. थोरल्याने पाकीट पेटीत टाकलं. आत ते तळाशी आपटल्याचा आवाज आला.

"लिहिलंय, तुम्ही दोघांना बोलावलंत. दोन्ही पावे आता एकसारखे वाजतात, तेव्हा एकच माणूस पुरे. धाकटा येईल."