एकोणसाठ वादक

“ताई, सांगितलं तर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही,” दिवेवाल्यानं खुर्ची पलंगाशी ओढली, “पण काल एकोणसाठ जणांनी तुझं वाजवलं. साठाव्याला ताप होता, नाहीतर साठ.”

ताईनं डोळे उघडले. जन्मभर तिनं वाद्यवृंदासाठी दुसऱ्यांच्या रचनांच्या प्रती उतरवल्या होत्या. स्वतःची एकच लिहिली, अकरा वर्षं घासूनपुसून. ती एकदा वाजलेली ऐकावी, एवढंच आता उरलं होतं. डॉक्टर आठवड्यांच्या भाषेत बोलत होते.

“आपल्याच हॉलमध्ये?” तिनं धाकट्या भावाला विचारलं.

“मग काय रस्त्यावर? दिवे मीच लावले. निवृत्त झालो म्हणून काय झालं, माझा हात लागल्याशिवाय ते पेटतच नाहीत.”

हॉलच्या व्यवस्थापकानं ताईच्या रचनेची वही तीनदा ठेवून घेतली होती आणि तीनदा न उघडता परत दिली होती. चौथ्यांदा दिवेवाल्यानं त्याचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. तरी नकारच. मग दिवेवाला गुपचूप सुनेच्या खोलीत, संगणकाला जोडलेल्या कीबोर्डसमोर जाऊन बसला. सून जाहिरातींना संगीत द्यायची. कुठल्या कुठल्या खऱ्या वादकांचा एकेक सूर टिपून तिच्या संगणकात भरलेला होता. कळ दाबली की अठरा व्हायोलिनं. लहानपणी ताईनं शिकवलेलं अर्धंमुर्धं आठवत होतं, उरलेल्या स्वरलिपीच्या रेषा बोटानं मोजत चार महिने तो ती वही कळांवर उतरवत राहिला. एका बोटानं.

“बाबा, सगळे एकाच ठोक्याला वाजवतायत,” सून म्हणायची. “वादक आहेत का कवायत?”

मग तो एकेक सूर केसभर मागेपुढे सरकवायचा. शेवटी माईकपुढे बसून तो स्वतः खोकला, खुर्ची करकरवली आणि तेही मिसळून दिलं.

आता त्यानं ताईच्या विरळ केसांवरून हेडफोन बसवला. स्वतःसाठी छोटा स्पीकर ठेवला.

“ऐकलंस? तो खोकला! ट्रंपेटवाला. सिगारेट सोड, सिगारेट सोड म्हणून कानीकपाळी ओरडलो त्याच्या.”

“गप्प बस ना मेल्या.”

ताईची बोटं चादरीवर चालू लागली. पुढं एका जागी दिवेवाल्याला आपसूक हसू आलं. ही जागा त्यानं झगडून मिळवली होती. तिथली कळ मुकीच निघाली होती. तासभर डोकं फोडून त्यानं शेजारचा सूर खाली ताणून तिथं बसवला होता. सूर वाजला, जाड आणि गोड.

चादरीवरची बोटं थांबली.

“थांबव जरा.”

“का गं? कानाला बोचतंय?”

“व्हायोलिनला हा सूरच नाही रे. त्याच्या सगळ्यांत जाड तारेच्याही खालचा आहे तो. लोकांच्या असल्या शंभर चुका पकडल्या मी. माझी मला दिसली ती वही पुरी झाल्यावर.”

“मग खोडायची ना!”

“मुद्दाम ठेवली. म्हटलं, तालमीत गज खाली ठेवतील सगळे. हसतील. एखादा चिडका ओरडेल, कोणत्या गाढवानं लिहिलंय हे? मग मी मागून हात वर करीन.”

पन्नास वर्षं थापा मारत आलेल्या दिवेवाल्यानं आणखी एक जुळवायला घेतली.

“अगं, तो जो साठावा...”

“खोटारड्या,” ताई म्हणाली. “अठराच्या अठरा जणांनी वाजवला. एकही ओरडला नाही.”