बुडाचं रबर

"घासून नवं वार्निश लावा आणि विकून टाका!" लोर्नानं वारलेल्या वडिलांची पूल खेळायची काठी कारागीर वेंडेलपुढे आदळली. "जन्मात कधी मला 'छान' म्हणाला नाही तो माणूस!"

वेंडेलनं आपणच घडवलेली काठी फिरवून पाहिली. "लाकूड अजून ठणठणीत आहे. बुडाचं रबर तेवढं पार झिजलंय."

"झिजणारच! मी व्हायोलिन वाजवायला घेतलं, की तो वरच्या खोलीत हीच काठी जमिनीवर आपटायचा. शेवटी सोडूनच दिलं मी."

दुकानातल्या पूलच्या टेबलावर एकानं अवघड चेंडू अचूक कोपऱ्यातल्या भोकात घातला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं काठीचं बूड जमिनीवर ठकठक आपटलं.

"बघा, हाही तसलाच! हरतोय म्हणून थयथयाट!"

"थयथयाट नाही," वेंडेल हळूच म्हणाला. "समोरच्याचं सुंदर जमलं, की आम्ही खेळणारे अशीच दाद देतो."