पॅरिस की अ‍ॅम्स्टरडॅम

"पॅरिस," विवेक म्हणाला. "आता ठरवून टाकू."

"अ‍ॅम्स्टरडॅम," मधुवंती म्हणाली आणि गार झालेला चहा तिने बाजूला सारला.

सिंगापूरच्या बेडोक भागात, खाण्याच्या गाळ्यांनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये दोघं बसले होते. समोर त्यांची दहा वर्षांची इरा नूडल्स खात होती. बँकेने बदलीसाठी विवेकपुढे ही दोन शहरं ठेवली होती आणि उद्या सकाळी उत्तर हवं होतं. 'कुठेच नको' असंही सांगता आलं असतं. पण असं सांगणाऱ्याची बढती लोणच्यासारखी मुरत पडते, हे त्याने पाहिलं होतं.

घराचं जमणार होतं, पगाराचंही. घोडं अडलं होतं ते शाळेपाशी. आठवडाभर दोघं त्यावरूनच भांडत होते. आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं, तरी भांडत होते.

"फ्रान्समध्ये सगळं वरून ठरतं," विवेक म्हणाला. "कुठल्याही गावात जा, अभ्यासक्रम एकच. शिस्त लागते."

"म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचे कपडे! नेदरलँड्समध्ये काय आणि कसं शिकवायचं, ते ज्याची त्याची शाळा ठरवते. मुलांकडे बघून. आपली इरा आधीच मागे पडलीय."

पडली होती खरी. पुणे, दुबई, हाँगकाँग, सिंगापूर. अपूर्णांक तिला प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून शिकवले गेले आणि दशांश कुठेच नाहीत. एका शाळेत ते होऊन गेलेले असायचे, दुसरीत अजून व्हायचे असायचे. आईबापांनी आळीपाळीने सगळ्या शाळांना नावं ठेवून झाली होती.

"तिलाच विचारू," विवेक कंटाळून म्हणाला. मधुवंतीला ते पटलं. मोकळीक कुठल्या मुलाला नको असते?

इराने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "फ्रान्स."

विवेकला हायसं वाटलं. "बघ! पोरीलाही कळतं."

"पण का गं, राजा?" मधुवंतीचा आवाज रडवेला झाला. "तिथे सगळीकडे तेच ते असतं."

"दॅट्स व्हाय ला, आई," इरा इथल्या शाळेत उचललेल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. मग ती विवेककडे वळली आणि थकलेल्या माणसाची समजूत घालावी तशी म्हणाली, "बाबा, नेक्स्ट टाइम बदली फ्रान्समधल्याच दुसऱ्या गावात माग हां. नवीन शाळेत धडा तरी तोच असेल."